अडीच टनी जीएमसी, १९४३: प्रकल्प नोंदी

१४ जानेवारी २०२३

ट्रक आला. ओढूनच आणावा लागला, कारण इंजिन जाम आणि मागच्या एका चाकाचा ब्रेक ड्रमला चिकटलेला. ट्रेलरवरून खाली घ्यायला तिघांची अख्खी दुपार गेली.

गाडी जीएमसी सीसीकेडब्ल्यू ३५३, अमेरिकी लष्कराचा ट्रक. ही अक्षरं म्हणजे कारखान्याचा संकेत आहे. पहिला सी म्हणजे १९४१ चा आराखडा, दुसरा सी म्हणजे इंजिनामागे बसवलेली नेहमीच्या ठेवणीची केबिन, के म्हणजे पुढच्या चाकांनाही जोर, डब्ल्यू म्हणजे मागे जोर पोचणारे दोन एक्सल. ३५३ ही लांब चासी, पुढच्या एक्सलपासून मागच्या जोडीच्या मध्यापर्यंत १६४ इंच. दुसऱ्या महायुद्धात असे पाच लाखांहून जास्त ट्रक बांधले गेले. कच्च्या वाटेवर अडीच टन नेण्याचं हे वाहन, पण युद्धाच्या घाईत त्यावर किती लादलं जायचं याला धरबंध नव्हता.

डॅशवरच्या पितळी पाट्या गेल्यात, फक्त स्क्रूची भोकं शिल्लक. चासीवरचा आकडा घासून वाचला, तो १९४३ च्या उत्पादनात बसतो. केबिन बंद, पत्र्याची. पुढे पोलाद आणि जहाजातली जागा वाचवायला कॅनव्हासच्या टपाची उघडी केबिन आली, तेव्हा हा त्याच्या आधीचा. हौदा नाहीच. त्याच्या जागी टाकी बसवायच्या लोखंडी पट्ट्या, आणि सगळ्या अंगावर लाल रंग. युद्ध संपल्यावर हा अग्निशमनाच्या कामाला लागला असणार.

आज काहीही खोललं नाही. चारी बाजूंनी, खालून आणि आतून दोनशेच्या वर फोटो काढले. कोणता पाइप कुठून जातो हे सहा महिन्यांनी आठवत नाही, हे मागच्या जीपवर शिकलो.

२१ जानेवारी

चाकं. हात लावायच्या आधीच सगळ्यांना सांगितलं: हवा असलेल्या टायरच्या रिंगला कुणी पहार लावायची नाही. या रिमला टायर एका बाजूच्या पोलादी रिंगने अडवलेला असतो. रिंग गंजून सैल बसली असेल आणि आत हवा असेल, तर ती सुटते तेव्हा समोरच्या माणसाला वाचायला वेळच मिळत नाही. व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडली, भोकातून तार घालून ते तुंबलेलं नाही ना पाहिलं, मगच रिंगला हात घातला. हवा भरतानाही चाक पिंजऱ्यात ठेवणार, आणि नळी इतकी लांब की भरणारा बाजूला उभा राहील.

डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे आहेत. चाक फिरताना नट आपोआप सैल होऊ नये म्हणून तेव्हा असं करत. आधीच्या कुणीतरी ते न ओळखता पाइप घालून जोर केला आणि चार स्टड मोडले. स्टडच्या टोकावर एल कोरलेला आहे, पण गंजाखाली तो मलाही ब्रश मारल्यावरच दिसला.

मागे जोडचाकं. आतलं चाक टोपीसारख्या नटने धरलेलं, त्या नटावर बाहेरच्या चाकाचा नट. आतला आवळायचा तर आधी बाहेरचा सैल करावा लागतो. नुसता बाहेरचा आवळून समाधान मानलं तर आतलं चाक डुलत राहतं. आतल्या दोन चाकांची भोकं याच कारणाने लंबगोल झालीत. ती चाकं बाद.

४ फेब्रुवारी

इंजिन सहा सिलिंडरचं, सगळे एका ओळीत, व्हॉल्व्ह वर हेडमध्ये. २७० घनइंच, म्हणजे सुमारे ४.४ लिटर, ताकद नव्वदच्या आसपास अश्वशक्ती. पुढून हँडल घालून दोघांनी जोर केला, तसूभर हललं नाही. प्लग काढून आत बारीक कॅमेरा सोडला. पाचव्या सिलिंडरमध्ये भिंतीवर तपकिरी कडं, बाकी पाच ठीक.

सहाही सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल निम्मं-निम्मं ओतलं. एकाने सुचवलं, गिअरमध्ये टाकून दुसऱ्या गाडीने ओढा, झटक्यात सुटेल. सुटतंही कधीकधी. पण पिस्टनच्या रिंगा तुटतात, पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या) वाकतात, आणि काय तुटलं ते नंतर कळतं. थांबायचं ठरवलं.

१९ फेब्रुवारी

तेल खाली उतरलेलं नाही. वरून भर घातली.

५ मार्च

हललं! फ्लायव्हीलच्या दात्यांवर पहार टेकवून हलकेच दाब दिला तर पाव इंच पुढे गेलं. लगेच मागे, पुन्हा पुढे. तासाभरात अर्धा फेरा. मिस्त्रीकाका शेजारी स्टुलावर बसून फक्त एवढंच म्हणत होते, "घाई नको, अडलं की मागे घे." आयुष्यभर इंजिनं उघडलेला माणूस. त्यांच्या आवाजाने हात आपोआप सावकाश चालतो.

संध्याकाळी रॉकर काढले तर पाचव्याचे दोन्ही व्हॉल्व्ह गाइडमध्ये चिकटलेले. ओढून फिरवलं असतं तर पुशरॉड वाकलेच असते. हेड खाली घेतलं. पाचव्यातले खड्डे नखाला लागतात, तेव्हा त्या एकाच सिलिंडरला स्लीव्ह (आतून नवी नळी), बाकीच्यांना हलकं होनिंग (आतली भिंत घासून एकसारखी करणं) आणि नव्या रिंगा. सगळा ब्लॉक बोअर करून मोठे पिस्टन घालणं सोपं गेलं असतं. पण पाच सिलिंडर अजून मापात असताना त्यांचं लोखंड उगाच का कातायचं?

२६ मार्च

कार्ब्युरेटर झेनिथचा. त्याच्या आणि मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या नळीच्या) मध्ये गव्हर्नर असतो, इंजिन ठरावीक फेऱ्यांपुढे जाऊ नये म्हणून. ट्रकची कमाल गती ताशी ४५ मैल, म्हणजे ७२ किलोमीटर. आमचा गव्हर्नर खोलला तर आत स्प्रिंगही नाही आणि झडपही नाही. रिकामं घर तेवढं जागेवर बसवून ठेवलेलं, बाहेरून कुणाला कळू नये असं.

१९४४ मध्ये फ्रान्समध्ये रेड बॉल एक्सप्रेस चालली, २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर. बंदरं मागे राहिली, फौजा झपाट्याने पुढे गेल्या, आणि पेट्रोल-दारूगोळा पोचवायला याच जातीचे ट्रक रात्रंदिवस धावले. चालकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय अमेरिकी सैनिक होते. वेळ गाठायला कित्येकांनी गव्हर्नर निकामी केले, ही त्या वाहतुकीबद्दल नेहमी सांगितली जाणारी गोष्ट. आमचा ट्रक तिथे होता असं मी म्हणत नाही. हे काम नंतर अग्निशमनवाल्यांनीही केलं असेल, त्यांनाही घाई असतेच. पण ते रिकामं घर हातात धरून मी बराच वेळ बसलो. कुणीतरी हे शांतपणे, हत्यारं नीट वापरून केलं होतं. स्क्रूची एकही खाच बिघडलेली नाही.

गव्हर्नर आहे तसाच ठेवणार. गती सांभाळणं माझ्या पायाचं काम.

१६ एप्रिल

आज माझ्या हातून नुकसान झालं, ते जसंच्या तसं लिहितो.

बोनेटचा लाल रंग काढायला ग्राइंडरवर फ्लॅप डिस्क लावली आणि डावी बाजू वीस मिनिटांत पत्र्यापर्यंत चकचकीत केली. काम झरझर होत होतं, मी खूश. मग उजवीकडे वळलो. मुलगी ओला पॉलिश पेपर घेऊन तिथला एक कोपरा आधीपासून घासत बसली होती. म्हणाली, "बाबा, इथे लाल रंगाखाली पिवळा आहे, त्याखाली हिरवा, आणि हिरव्यावर पांढरं काहीतरी आहे."

ग्राइंडर बंद केला. पुढचे चार तास आम्ही दोघं गुडघ्यावर. आधी ४०० नंबरचा पेपर, पांढरं दिसू लागलं की ८००, मग १२००, भरपूर पाणी, आणि घासायचं ते बोटाने, लाकडी ठोकळ्याने नाही. आधी एक उभी रेघ आली, मग तिरकी, आणि चार उमटला. अमेरिकी लष्कराच्या नोंदणीत अडीच टनी ट्रकांचे आकडे चारने सुरू होतात. त्यापुढे आणखी आकडे, मधले दोन पुसट, आणि सगळ्यात शेवटी थोडं अंतर सोडून एस.

हाच आकडा डाव्या बाजूलाही असणार होता. तिकडचा मी धुळीत उडवला. बोनेटच्या दोन्ही बाजूंना नोंदणी क्रमांक असतो हे मला माहीत होतं, तरीही मशीन चालवलं. यापुढे या गाडीच्या कुठल्याही बाहेरच्या पत्र्याला ग्राइंडर लागणार नाही. भिंतीवर तसं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय.

२३ एप्रिल

एस या अक्षराने आठवडाभर डोकं खाल्लं, आणि त्याचं उत्तर गाडीतच मिळालं. एस म्हणजे या गाडीच्या इग्निशनमधून उठणारी खरखर दाबलेली आहे, जवळच्या वायरलेसला तिचा त्रास होणार नाही. ही खरखर प्लगच्या ठिणगीतून निघते आणि पत्र्याचा प्रत्येक सुटा भाग तिचा एरियल बनतो. म्हणून बोनेट, केबिन, इंजिन आणि चासी एकमेकांना तांब्याच्या विणलेल्या पट्ट्यांनी जोडत, आणि बोल्टखाली दातेरी वायसर घालत, म्हणजे तो रंग फोडून थेट धातूला भिडतो.

आमच्याकडे एकही पट्टी नाही. पण टॉर्च घेऊन केबिनच्या पुढच्या भिंतीवर शोधलं तर काही रिकाम्या भोकांभोवती बारीक दात्यांचं गोल चक्र पत्र्यात रुतलेलं आहे. इतके दिवस ती भोकं मी जादाची समजत होतो, दोन तर वेल्डिंगने बुजवायच्या यादीत होती. अशी सात सापडली. सातही ठिकाणी नव्या पट्ट्या घालणार.

तेव्हापासून कुठलंही भोक बुजवायचं तर ते कशाचं हे आधी कळलं पाहिजे, असा नियम केला. यादीतली पंधरापैकी अकरा भोकं त्यामुळे वाचली.

११ जून

मधले सात आठवडे ब्रेकमध्ये गेले, आणि जायलाच हवे होते. रिकामा असताना साडेचार टनांच्या पुढे जाणारा ट्रक, आणि ब्रेकची ऑइल लाइन एकच. आजच्या गाड्यांत दोन असतात, एक फुटली तरी दुसरी गाडी थांबवते. इथे कुठल्याही एका चाकाची नळी फुटली की पेडल थेट फरशीला टेकतं. हँडब्रेक आहे, पण तो चाकांवर नाही, ट्रान्सफर केसमागच्या (पुढच्या-मागच्या एक्सलना जोर वाटणाऱ्या पेटीमागच्या) प्रोपेलर शाफ्टवर. उभी गाडी धरायला तो ठीक, पळती गाडी त्याच्या भरवशावर थांबवायची नाही.

म्हणून इथे जुनं जपायचा हट्ट सोडला. पोलादी नळ्या बाहेरून बऱ्या दिसत होत्या. एक कापून उभी चिरली तर आत गंजाची भुकटी. सगळ्या नळ्या तांबे-निकेलच्या, रबरी होज नव्या. चाकांतले सहाही सिलिंडर आतून खड्डे पडलेले, त्यांना स्टीलचे स्लीव्ह घालून मूळ मापावर आणले. बाहेरचं ओतीव अंग मूळचंच. शू नव्याने लाइनिंग लावून ड्रमच्या गोलाईला जुळवून घेतले. ते केलं नाही तर शू फक्त मधोमध टेकतो आणि ब्रेक एका बाजूला ओढतो.

पेडलचा जोर वाढवायला हायड्रोव्हॅक आहे. इंजिनाच्या मॅनिफोल्डमधला निर्वात खेचून तो ऑइलचा दाब वाढवतो. खोलला तर मोठ्या पिस्टनवरचं चामड्याचं पॅकिंग वाळून पापडासारखं झालेलं. नवं चामडं रात्रभर तेलात मुरवलं, सकाळी ओठासारखं मऊ वळलं, तेव्हाच बसवलं. मॅनिफोल्डकडून येणारी होज बाहेरून छान होती, आतून तिचा थर सुटून भोक जवळजवळ बंद. नुसतं बाहेरून पाहून पास केली असती तर ऐन उतारावर पेडल दगडासारखं लागलं असतं.

ऑइल सिलिकोनचं भरलं, कारण गाडी बराच काळ उभी राहणार आणि ते हवेतला ओलावा ओढत नाही. मात्र ते जुन्या प्रकारच्या ऑइलमध्ये चुकूनही मिसळायचं नाही. सगळंच कोरं असल्यामुळे ही मुभा मिळाली. बुडबुडे धरू नयेत म्हणून सावकाश ओतायचं. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करत हवा काढली. पहिल्या दिवशी पेडल स्पंजासारखं. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढली, तेव्हा कुठे घट्ट लागलं.

६ ऑगस्ट

वायरिंग. गाडी ६ व्होल्टची, आणि ती तशीच ठेवतोय. १२ करा असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. पण ६ व्होल्टवर सेल्फ नीट फिरत नाही ही तक्रार बहुतेक वेळा वायरमुळे असते. व्होल्टेज निम्मं म्हणजे तेवढ्याच कामाला करंट दुप्पट. आणि १२ व्होल्टच्या गाडीतली केबल इथे जोडली तर ती चोंदलेल्या नळासारखं वागते. आमच्यात तशीच बारीक केबल होती. सेल्फ मारताना बॅटरीवर ५.५ व्होल्ट आणि मोटरच्या टोकावर ४.१, म्हणजे मधल्या वाटेत १.४ खाल्लं. बोटाएवढी जाड केबल टाकली आणि अर्थची पट्टी रंग खरवडून थेट इंजिनाला दिली. आता मोटरवर ५.२.

चावी नाहीच. डॅशवर खटका, आणि सेल्फचं पेडल पायाशी.

मागचे ब्लॅकआउट दिवे मात्र मनापासून आवडले. दिव्याच्या तोंडावर बारीक फटी, विशिष्ट अंतर राखून केलेल्या. अंधारात ताफ्यातला मागचा चालक फार जवळ आला तर त्याला चार ठिपके दिसतात, योग्य अंतरावर असला तर दोन, मागे पडला तर एकच. ना आकडे, ना यंत्र, नुसती माणसाच्या डोळ्याची मर्यादा वापरलेली. रात्री दिवा लावून मुलीला मागे मागे चालवत नेलं. चाराचे दोन झाले त्या जागी तिने खडूने रेघ मारली.

२४ सप्टेंबर

इंजिन सुरू झालं. फायरिंगचा क्रम १-५-३-६-२-४, पण तिसऱ्या आणि सहाव्याच्या वायरी मी उलट लावल्या होत्या, म्हणून आधी कार्ब्युरेटरमधून फटाके. मिस्त्रीकाकांनी न बघता नुसत्या आवाजावरून सांगितलं. वायरी बदलल्या, पेडल दाबलं, दोन फेरे, आणि धरलं. ऑइलचा काटा लगेच वर. वीस मिनिटं चालवून, इंजिन गरम असतानाच टॅपेट (व्हॉल्व्हवरची फट) पुन्हा लावले. पाण्याची एक गळती पंपाच्या सीलमधून. दुसऱ्या दिवशी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजलं, सहाही सिलिंडर एकमेकांच्या पाच पौंडांत. स्लीव्ह घातलेला पाचवा बाकीच्यांपेक्षा वेगळा ओळखू येत नाही.

२१ जानेवारी २०२४

हौदा. सुरुवातीला तो पोलादाचा असे, मग पोलाद वाचवायला लाकडी आला. आमच्या चासीवरची बोल्टची जागा लाकडीशी जुळते, म्हणून लाकडी. लांबी १२ फूट. कठीण लाकडाच्या फळ्या, मध्ये फुगायला फट, प्रत्येक फळीच्या कापलेल्या टोकांना तेल आधी आणि रंग नंतर. पाणी फळीत शिरतं ते टोकातूनच. चासी आणि लाकूड यांच्यामध्ये मूळ आकाराच्या लाकडी पट्ट्या. चासी पीळ खाते तेव्हा लोखंडाने लाकूड कापू नये म्हणून त्या असतात, तिथे रबर घालून चालत नाही. बाजूच्या फळ्या उलगडल्या की सैनिकांची बाकं होतात. बिजागरी बसवायला एकूण नऊ दिवस लागले, बाकी हौदा सरळ झाला.

१० मार्च

रंग. ऑलिव्ह ड्रॅब, चमक अजिबात नसलेला. चकचकीत रंग दिला तर गाडी खेळण्यासारखी दिसते, आणि उन्हात काच चमकावी तसा चमकणारा ट्रक शत्रूच्या विमानाला लांबून दिसला असता. मडगार्डवरचे पोचे काढलेले नाहीत. फाटलेलं शिवलं, वाकलेलं तसंच राहू दिलं.

बोनेटच्या उजव्या बाजूला अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटरचा पट्टा आम्ही रंगवला नाही. मूळ हिरवा, मूळ पांढरा आकडा, कडेला पिवळ्या-लालाच्या पायऱ्या. त्यावर मेणाचा पातळ हात. काहींना तो डाग वाटेल. हौदा मी बांधला, नळ्या मी टाकल्या, पण कारखान्यातून निघालेली ही एवढीच गोष्ट बाहेरून डोळ्याला दिसते. तिच्यावर ब्रश फिरवायला माझा हात धजावणार नाही.

डावी बाजू कोरी. मधले दोन आकडे कळत नाहीत तोवर तिथे काही लिहायचं नाही, अंदाजाने तर नाहीच.

३१ मार्च

पहिली फेरी, बावीस किलोमीटर. गिअर बदलताना डबल क्लच (प्रत्येक बदलाला क्लच दोनदा दाबायचा), खाली येताना मध्ये थोडा रेस. चौथा सरळ (इंजिनाच्याच फेऱ्यांनी), पाचवा ओव्हरड्राइव्ह (इंजिनापेक्षा जास्त फेऱ्यांनी), तो सपाटीवरच. ब्रेक सरळ धरतो. स्टिअरिंगमध्ये दोन बोटं ढिलाई, किंगपिन (पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या खिळी) पुन्हा बघायचे. मिस्त्रीकाका शेजारी बसले होते, सगळा वेळ एक हात गिअरबॉक्सच्या झाकणावर. परत आल्यावर म्हणाले, "तिसऱ्यात किंचित गुणगुणतो. बेअरिंग आहे. अजून बरीच वर्षं चालेल."

६ एप्रिल

रात्री दिवे घालवून मुलीने टॉर्च बोनेटला जवळजवळ टेकवून आडवा धरला. सरळ उजेडात दिसत नाही, पण आडव्या उजेडात रंगाच्या थराची कड सावली टाकते. पुसट दोनपैकी पहिल्या जागी वरचा गोल आणि खालचा गोल, दोन्ही बंद. आठ. दुसऱ्या जागी फक्त एक आडवी कड, ती पाचाचीही असू शकते आणि सातचीही. फोटो काढून ठेवले.

उद्या: पहिल्या फेरीनंतरचे चाकांचे सगळे नट पुन्हा आवळणे, आधी आतले. डावीकडे उलटे आटे. पाण्याच्या पंपाचं सील. किंगपिन.